जाताना जास्त, येताना कमी
मुंबई-लंडन विमानप्रवासावरच्या लेखात अंतर सुमारे ७,२०० किमी दिलंय, ते बरोबर. पण जाण्यायेण्याला एकच वेळ धरलाय, ते पटलं नाही. १०-१२ किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. जाताना ते समोरून येतात, येताना पाठीशी असतात. हिवाळ्यात तर फारच जोर. लेक तिकडे असते, त्यामुळे आम्ही हे दरवेळी अनुभवतो. परतीचा प्रवास तासाभराने तरी लवकर संपतो. घड्याळाचंही लिहायला हवं होतं: हिवाळ्यात साडेपाच तासांचा फरक, उन्हाळ्यात साडेचार. आणि ठाणेकरांनो, घोडबंदर रोडवरून निघणार असाल तर विमानतळापर्यंतचे दोन तास वेगळे धरा, हात जोडून सांगते.