'मनात तसं नव्हतं' म्हटल्याने शब्द पुसला जात नाही

एखाद्या नेत्याच्या तोंडून रंगावरून, वंशावरून काही निघालं की दोन दिवसांत हाच मजकूर फिरायला लागतो: "त्यांच्या मनात तसं काही नव्हतं. हेतू वाईट नाही, मग दोष कसला? आणि आपण भारतीय तर गोऱ्यांच्या वर्णद्वेषाचे बळी, आपण कसले वर्णद्वेषी!" मला यातलं एकही वाक्य पटत नाही.

"मनात तसं नव्हतं." नसेलही. एप्रिल २०१७ घ्या. ग्रेटर नोएडात आफ्रिकी विद्यार्थ्यांवर नुकतेच हल्ले झाले होते आणि भाजपचे माजी खासदार तरुण विजय अल जझीरावरच्या चर्चेत भारताची बाजू मांडत होते. त्यांच्या बोलण्याचा आशय असा: आम्ही वर्णद्वेषी असतो, तर तमिळनाडू, केरळ, कर्नाटक, आंध्र अशा सगळ्या दक्षिणेबरोबर कसे राहिलो असतो? आमच्या अवतीभोवती काळी माणसं आहेतच की. वर्णद्वेष नाकारण्यासाठीच ते हे बोलले, याबद्दल मला शंका नाही. पण त्या वाक्यातले 'आम्ही' कोण? मदुराईचा माणूस त्यात नाही. त्याला सोबत राहू देणारे ते 'आम्ही'. ही वाटणी त्यांनी ठरवून केली नाही, आपोआप झाली, आणि मला तेच जास्त गंभीर वाटतं. पुढे त्यांनी माफी मागितली. मे २०२४ मध्ये काँग्रेसचे सॅम पित्रोदा देशाच्या विविधतेचं कौतुक करताना पूर्वेकडचे लोक चिन्यांसारखे आणि दक्षिणेकडचे आफ्रिकनांसारखे दिसतात असं म्हणाले, तेव्हाही हेतू चांगलाच होता. पक्ष वेगळा, गोष्ट तीच.

"हेतू नाही, तर दोष नाही." शिक्षा द्यायची तर कायदा हेतू पाहतो, आणि ते योग्यच आहे. पण शोधतो कुठे? शिवाजी महाराजांवरच्या एका पुस्तकावरून पुण्यात नोंदलेल्या गुन्ह्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली सांगितलं, की हेतू मुख्यतः भाषेवरून आणि ज्या परिस्थितीत ते लिहिलं, प्रसिद्ध केलं गेलं त्यावरून ठरवायचा. त्या प्रकरणात गुन्हा रद्द झाला, पण कसोटी शब्दांचीच राहिली. बोलणाऱ्याने मागाहून केलेला खुलासा ही कसोटी नव्हे.

"आपण तर बळी." ऑगस्ट २००६ मध्ये व्हर्जिनियाचे सिनेटर जॉर्ज ॲलन यांनी प्रतिस्पर्ध्यासाठी चित्रीकरण करणाऱ्या भारतीय वंशाच्या तरुणाला भरसभेत 'मकाका' म्हटलं आणि वर 'अमेरिकेत स्वागत' केलं. मुलगा व्हर्जिनियातच जन्मलेला. मकाका हे माकडांच्या एका प्रजातिगटाचं शास्त्रीय नाव, आपल्याकडचं लाल तोंडाचं माकड त्यातलंच. शब्द असाच सुचला, अर्थ ठाऊक नव्हता, असा ॲलन यांचा खुलासा होता. तो आपल्यापैकी किती जणांना पटेल? मला तरी पटत नाही.

मग ऑक्टोबर-नोव्हेंबर २०१३ मधल्या गोव्याला वेगळं माप का लावायचं? पर्रा इथे एका नायजेरियनाचा खून झाला, त्याच्या देशबांधवांनी पर्वरीला महामार्ग अडवून धरला आणि मंत्री दयानंद मांद्रेकर यांनी नायजेरियनांना 'कॅन्सर' म्हटलं. महामार्ग अडवणं चूकच होतं. अडवणाऱ्यांना पकडा, खटला चालवा. पण कॅन्सरवर कुणी खटला चालवत नाही, तो कापून टाकतात. शिवाय जो नायजेरियन त्या दिवशी पर्वरीला गेलाच नव्हता, त्यालाही तो शब्द तितकाच लागू झाला.