खाज

"नवीन काही खाल्लंत का? कोळंबी, वांगं?" त्वचेच्या डॉक्टरांनी विचारलं.

"नाही."

"नवा साबण? नवं कापड?"

"नाही. नवा डॅशबोर्ड."

डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं. मी दोन्ही बाह्या कोपरापर्यंत वर केल्या. मनगटापासून वर लाल टिपके आणि त्यांवर माझ्याच नखांचे ओरखडे. काचेचे तंतू, फायबरग्लास, घरच्या घरी गाडीचं इंटिरिअर, असं सगळं सांगून झाल्यावर त्यांनी मलम लिहून दिलं आणि म्हणाले, "ते काम बंद करा." यासाठी त्यांनी पाचशे रुपये घेतले. बायको हेच गेले सहा महिने फुकट सांगत होती.

आमच्याकडे १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. आमच्याकडे म्हणजे अण्णांकडे. अण्णा कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यात बॉडी शॉपमध्ये होते. ज्या गाडीचे पत्रे आयुष्यभर ठोकले तीच त्यांनी हप्त्यावर घेतली आणि विक्रोळीच्या कन्नमवार नगरात आमच्या खिडकीखाली आणून लावली. ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली, तेव्हा अण्णांनी पेपर घडी करून ठेवला आणि म्हणाले, "आता आपलीच." मला तेवढं निमित्त पुरलं. मी जाहीर केलं, की या गाडीची मी हॉट रॉड करणार.

हॉट रॉड म्हणजे काय, हे अण्णांना समजावताना निम्मी हौस तिथेच खर्ची पडली.

"अमेरिकेत पोरं १९३२ची फोर्ड घ्यायची. मडगार्ड उपटायची, जमेल तेवढं वजन उतरवायचं, जमेल तेवढं मोठं इंजिन आत कोंबायचं आणि कॅलिफोर्नियात सुकलेल्या तळ्यांवर नेऊन पळवायची."

"म्हणजे चांगली गाडी बिघडवायची."

"तसंच काहीसं."

"मग त्याला अमेरिका कशाला? नाक्यावरचा मेकॅनिक करून देतो की."

शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं आलं. आरसीवर लिहिलंय त्याहून गाडी वेगळी करायची नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हे बजावलंय. म्हणजे मोठं इंजिन नाही, छप्पर कापणं नाही. १०८९ सीसीला हात लावायचा नाही म्हटल्यावर हॉट रॉडमधलं हॉट जागच्या जागी निवलं. उरलं आतलं. डॅशबोर्ड कसला आहे, हे आरसीवर लिहिलेलं नसतं. तेव्हा ठरलं: बाहेरून पद्मिनी, आतून हॉट रॉड. गोल मीटरांचा फुगीर डॅशबोर्ड, दारांना स्पीकरचे पॅनल आणि मध्ये कोपर टेकायला कन्सोल. सगळं फायबरचं. शेवरलेची कॉर्व्हेट १९५३ साली अख्खी फायबरच्या अंगानं आली, आपल्या बंगळुरूच्या सिपानीनं डॉल्फिन नावाची फायबरची मोटार विकली; मग मला एक डॅशबोर्ड जमू नये? एका शनिवार-रविवारचं काम. असं मी म्हणालो होतो. हे वाक्य घरात आजही चहाबरोबर मिळतं.

सामान मशीद बंदरच्या एका बोळात मिळालं. पॉलिएस्टर रेझिन, म्हणजे पातळ मधासारखा पदार्थ आणि वास असा, की मध पुन्हा खाववणार नाही. मॅट, म्हणजे काचेच्या तंतूंची पांढरी जाजमं. दिसायला गोधडीतल्या कापसाइतकी गरीब. आणि दोन बाटल्या: जांभळं कोबाल्ट आणि पाण्यासारखा हार्डनर. दुकानदारानं दोन्ही वेगवेगळ्या पिशव्यांत बांधल्या.

"आधी कोबाल्ट रेझिनमध्ये. नीट ढवळा. मग हार्डनर. हे दोघं एकमेकांत थेट कधी घालू नका. भडका उडतो."

जमिनीच्या वादातले सख्खे भाऊच ते. मध्ये पंच म्हणून रेझिन बसल्याशिवाय समोरासमोर आणायचे नाहीत. लोकलमध्ये ज्वालाग्राही वस्तू न्यायला बंदी, म्हणून सामान आणायला पद्मिनीच काढली होती. आपल्याच ऑपरेशनचं सामान डिकीत घालून ती बिचारी निमूट विक्रोळीपर्यंत आली.

पहिला मान कन्सोलचा. फायबरला आधी आकार लागतो, ज्यावर तो चढवायचा. माळ्यावर जुन्या गणपतीच्या मखराचं थर्माकोल होतं, २०१८च्या बंदीच्या आधीचं, त्यामुळे टाकताही येईना आणि वापरताही येईना. मी त्याचे थर चिकटवले, ब्लेडनं कोरले, घासले. चार संध्याकाळी गेल्या. पण कन्सोल असा उतरला, की पुढून बघावा तर जग्वार आणि मागून बघावा तर मोदक. कोपर ठेवून पाहिलं. समाधान वाटलं. मग मॅट अंथरली, रेझिन कालवलं आणि ब्रशनं पहिला हात दिला.

आधी बारीक आवाज आला, सोड्यात लिंबू पिळल्यावर येतो तसा. मग मॅट मधोमध किंचित खचली. मला वाटलं, बसतेय. ती बसतच गेली. कडेचं थर्माकोल दाणा-दाणा विरघळत होतं, त्या जागी पांढरट खीर जमत होती आणि माझं जग्वार डोळ्यांदेखत मोदकातून सारणात उतरत होतं. पॉलिएस्टर रेझिनमध्ये स्टायरीन असतं आणि थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरीन. दोघांच्या नावातच नातं लिहिलेलं आहे; मी वाचलं नव्हतं इतकंच. पाच-सात मिनिटांत पाटावर मॅटचं एक ओलं फडकं उरलं.

बायको खिडकीतून बघत होती. "चला," ती म्हणाली, "मखराचं विसर्जन झालं एकदाचं."

दुसरी पद्धत कापडाची. प्लायवूडचा सांगाडा करायचा, स्पीकरच्या जागी रिंगा बसवायच्या, त्यावर ताणणारं होजियरी कापड ढोलासारखं ओढून स्टेपल करायचं. कापड आपल्या आपण असे वळसे घेतं, की हातानं कोरून येणार नाहीत. मग त्याला रेझिन पाजायचं, कडक झालं की मागून मॅटचे थर द्यायचे. रविवारची दुकानं बंद होती. दोरीवर अण्णांचे दोन गंजीफ्रॉक वाळत होते.

अण्णांनी ते ओळखले. कडक झालेल्या पॅनलवर त्यांनी नखानं टकटक केलं, गळ्याच्या पट्टीवरून बोट फिरवलं आणि एवढंच म्हणाले, "आम्ही कुर्ल्याला पत्रा वाकवायचो. तू बनियन वाकवतोस."

तोवर पाऊस लागला. हार्डनर रेझिनच्या शेकडा एक ते दोन टक्के घालायचा असतो. मी औषधाच्या दुकानातून सिरिंज आणून मोजत होतो (दुकानातला पोरगा हल्ली माझ्याशी फार हळू आवाजात बोलतो). मे महिन्यात जे माप पंधरा-वीस मिनिटांत सेट व्हायचं, तेच जुलैत दमट हवेत, ओल धरलेल्या मॅटवर दोन दिवस फणसाच्या चिकासारखं चिकट राहिलं. त्यावर एक माशी, एक पिंपळाचं पान आणि शेजारच्या मांजराचे केस कायमचे मुक्कामाला आले. मग मी वैतागून पुढच्या वेळी हार्डनरचं माप दुप्पट केलं. आणि तेही एकदम अर्ध्या किलोला.

रेझिन घट्ट होताना तापतं. मॅटवर पसरलेलं असलं तर ती उष्णता निघून जाते. डब्यात साठलेलं असलं तर जाणार कुठे? मी ब्रश शोधायला वळलो, परत आलो तर प्लॅस्टिकचा डबा कंबरेत वाकला होता आणि धूर सोडत होता. मी चिमट्यानं उचलून तो मोकळ्यात, ओल्या मातीवर नेऊन ठेवला. धूर मात्र सरळ वर गेला, दुसऱ्या मजल्यावरच्या सेक्रेटरींच्या खिडकीत.

त्यांनी गॅस लीक समजून फोन केला. गॅस कंपनीचा माणूस आला, मशीन फिरवलं, अख्ख्या बिल्डिंगच्या शेगड्या हुंगल्या, शेवटी माझ्यापाशी येऊन थांबला. डब्यातला पिवळा, तडकलेला गोळा बघून म्हणाला, "हे काय आहे?"

"स्पीकरचं पॅनल."

त्यानं लिहून घेतलं. सेक्रेटरींनी नोटीस बोर्डावर लावली ती सूचना अजून आहे: 'आवारात कोणीही रासायनिक प्रयोग करू नयेत.' करोनातला उरलेला कापडी मास्क अशा वाफेला काही उपयोगाचा नसतो, त्याला कार्ट्रिजवाला लागतो, हे त्या दिवशी दोन तास डोकं धरून बसल्यावर कळलं. तो लावल्यापासून शेजारची लहान मुलं आमच्या जिन्यानं जात नाहीत.

पण हे सगळं सोसता येतं. घासणं सोसवत नाही. फायबरचा तुकडा साच्यातून निघतो तो कोंबडीसारखा, पिसांसकट. मग त्यावर गॅरेजवाले ज्याला लांबी म्हणतात ती पुट्टी भरायची आणि पॉलिश पेपरनं घासायची. ८० नंबर, १२०, २२०, मग पाण्यात वॉटर पेपर ४००. घासून झालं, की उन्हात तिरकं धरायचं, खड्डा दिसतो. पुन्हा लांबी. पुन्हा ८०. माझ्या हिशोबानं दुसऱ्यांदा केलेल्या त्या कन्सोलवर मी जेवढी लांबी चढवली, तेवढीच घासून माझ्या अंगावर उतरवली. आणि त्या भुकटीबरोबर काच. डोळ्यांना दिसत नाही, धुऊन जात नाही. कॉलरच्या आत, मोज्याच्या रबराखाली, घड्याळाच्या पट्ट्याशी. ऑफिसात मीटिंगमध्ये साहेब आकडे सांगत होते आणि मी खुर्चीच्या पाठीला म्हशीसारखी पाठ घासत होतो. कपडे वेगळे धुवायचे असतात, हे मला घरातल्या सगळ्यांना एकदम खाज सुटल्यावर समजलं. त्या आठवड्यात आमच्या घरी सगळे एकमेकांशी अंतर ठेवून, पण खाजवत बोलत होते. अपवाद फक्त अण्णांचा. ते आपले कपडे आधीपासूनच स्वतः धुतात, आणि त्या गंजीफ्रॉकपासून दोरीऐवजी आपल्या खोलीतच वाळत घालतात.

शेवटी इलाज सांगितला तो गणपतीच्या मूर्तींचे फायबरचे साचे करणाऱ्या एका कारागिरानं. "साहेब, आधी पावडर. बेबी पावडर हातांना चोळायची, भोकं बुजतात. नंतर थंड पाण्यानंच धुवायचं. गरम घेतलंत की भोकं उघडतात, काच आत." मी सहा महिने कढत पाण्यानं आंघोळ करत होतो.

अण्णांना हे सांगितलं तेव्हा ते हसले. "पत्र्यानं कापतं," म्हणाले. "खाजत नाही. कापलं की कळतं तरी."

डॅशबोर्ड मी सगळ्यात शेवटी घेतला. मूळ पत्र्याच्या डॅशबोर्डवरच, गाडीतच, वॅक्स लावून त्यावर मॅटचे थर दिले. म्हणजे त्याच मापाचं कवच निघेल आणि त्यावर पुढचे फुगवटे चढवता येतील. वॅक्सचे चार-पाच हात द्यायचे असतात, दर वेळी वाळवून, पुसून. मी दोन दिले. दुसऱ्या दिवशी कवच सोडवायला गेलो तर ते हलेना. लाकडी पाचर घातली, ती तुटली. स्टीलची पट्टी घातली, ती वाकली. दोन्ही पाय सीटला लावून ओढलं, तेव्हा सीट मागे सरकली. पद्मिनीला नवा डॅशबोर्ड मिळाला होता. फक्त तो जुन्याशी लग्न लावून बसला होता.

तासाभरानं अण्णा आले. हातात त्यांची लाकडी हातोडी, कारखान्यातल्या दिवसांपासूनची, तोंड झिजून गुळगुळीत झालेली.

"सरक."

त्यांनी खाली वाकून पत्र्याची कड चाचपली. "ही कड आत वळलेली आहे. तू तीही गुंडाळलीस. आता हा सुटणार कसा? आधी हे काप." मी हॅकसॉच्या पात्यानं खालची पट्टी कापली. मग ते ठोकू लागले. जोरात नाही, दार उघडायला सांगावं तसं. ठक. ठक. कान लावून. जिथे चिकटलेलं तिथे आवाज बद्द यायचा, तिथे ते पुन्हा पुन्हा जायचे. सुटलेल्या जागी पोकळ आवाज यायचा, तिथून पुढे सरकायचे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला त्यांना वीस मिनिटं लागली. मध्ये एकदा म्हणाले, "इथे पत्रा थोडा बसलाय. हे आमच्या वेळचं नाही, नंतरचं आहे." मग कुठेतरी आत फटाक्यासारखा आवाज झाला आणि सगळं कवच, अखंड, माझ्या मांडीवर आलं. जुन्या रंगाला चरासुद्धा नव्हता.

"वजन काहीच नाही रे," अण्णा एका हातानं उचलून म्हणाले.

पुढचे दोन महिने ते रोज संध्याकाळी खाली यायचे. घासणं माझं, तपासणी त्यांची. डोळ्यांवर त्यांचा विश्वास नाही. तळवा फिरवायचे आणि "इथे" म्हणायचे. मी तिथे खूण करायचो, पुन्हा लांबी भरायचो. रंग लावायचं ठरलं तेव्हा मी काळा म्हणत होतो. अण्णा म्हणाले, गाडीचाच लावू. तोच लावला. गोल मीटर बसले, स्पीकर बसले. कन्सोलवर कोपर टेकतं, मात्र मग गिअरची दांडी हाताला पुरत नाही, कारण ती स्टिअरिंगला आहे. हे मला आधी सुचायला हवं होतं.

गेल्या रविवारी घाटकोपरपर्यंत चक्कर मारून आलो. अण्णा पुढे बसले होते. सिग्नलला त्यांनी डॅशबोर्डवरून एकदा तळवा फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि मान हलवली. मग सवयीनं हात खाली घालून आतली बाजूही चाचपली, चांगली दोन-तीन वेळा. आतून मी काही घासलेलं नव्हतं. तिकडे कोण बघतंय?

रात्री साडेबाराला पलीकडच्या खोलीतला दिवा लागला. नळ वाहिल्याचा आवाज आला, मग गिझरचा.

"अण्णा, गरम पाणी नको!" मी ओरडलो.

थोडा वेळ शांतता. मग दाराशी पावलं.

"ती तुझी पावडर कुठे असते रे?"