आधी यादी तरी करा: पाळणाघर चालवणाऱ्या एका ताईंना उत्तर

ताई, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण कळकळीची आहे, म्हणून दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावंसं वाटलं नाही. बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की पुण्यातल्या प्रत्येक खासगी पाळणाघराची सरकारदरबारी नोंद सक्तीची करावी, आणि तिथं मुलाला इजा झाली तर पाळणाघरवालीबरोबर सरकारी खात्यालाही जाब विचारता यावा. कोथरूडमध्ये कित्येक वर्षं स्वतःच्या घरात पाळणाघर चालवणाऱ्या या ताईंचं त्यावर म्हणणं असं: आम्हा बायकांना तुम्ही आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलंत. नोंदणी आली की साहेब येणार आणि पाकीट मागणार. सरकारला स्वतःच्या अंगणवाड्या धड चालवता येत नाहीत, ते आमच्याकडे काय बघणार? आणि आईबापांना डोळे आहेत की, त्यांनी बघून मूल ठेवावं.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करते. आईबाप बघतातच. पण त्यांना दिसतं काय? सकाळी नऊला दारातून आत गेलेलं मूल आणि संध्याकाळी तोंड धुऊन, पावडर लावून बाहेर आलेलं मूल. मधल्या वेळात काय घडलं ते दहा महिन्यांच्या बाळाला सांगता येत नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये खारघरच्या पाळणाघरात अशाच दहा महिन्यांच्या मुलीला आयानं मारलं, आपटलं. ते सीसीटीव्हीत सापडलं म्हणून उघडकीला आलं. कॅमेरा तेव्हाही चालू होता, बघणारं मात्र कुणी नव्हतं. म्हणून ‘कॅमेरे बसवा’ एवढ्यावर माझं समाधान होत नाही.

आता तुमच्यासारख्या चांगल्या बायकांबद्दल. मागच्या लेखासाठी फिरताना सिंहगड रोडवरच्या एका पाळणाघरात दुपारी बसले होते. घर स्वच्छ, बाई मायाळू. प्रत्येक मुलाची वही: किती पोळी खाल्ली, किती वाजता झोपलं, शी कितीदा झाली, सगळं लिहिलेलं. साडेबाराच्या सुमारास बालवाडीची रिक्षा आली आणि मुलांना घ्यायला बाई दोन जिने उतरून खाली गेल्या. वर राहिली आठ-नऊ मुलं आणि सोळा-सतरा वर्षांची एक मुलगी. ती एका बाळाला बाटलीनं दूध पाजत होती. तेवढ्यात दीडेक वर्षाचा एक पोरगा प्लॅस्टिकची खुर्ची ओढत गॅलरीच्या कठड्याकडे निघाला. मी उठून त्याला उचललं, एवढंच. बाई वर आल्या तेव्हा म्हणाल्या, “दुसरी बाई ठेवायची तर तिचा पगार कुठून काढू?” त्यांचं म्हणणं खरंच होतं. त्या बाईंना मी आरोपी म्हणणार नाही, आणि तुम्हालाही म्हटलेलं नाही. पण ती खुर्ची आणि तो कठडा सकाळी नऊला आईला दिसत नाही, रोज तिथंच राबणाऱ्या बाईंच्या नजरेलाही तो सरावाचा झालेला असतो. तो दिसतो न सांगता दुपारी आलेल्या तिऱ्हाइताला. ते तिऱ्हाईत पाठवणं हे सरकारचं काम आहे.

आणि आज ते काम कुठल्याच खात्याकडे नाही. माझा मूळ मुद्दा हाच आहे, तो मागच्या वेळी पुरेसा ठसठशीत आला नसेल तर आता मांडते. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी आहे. ३ ते ६ वयाच्या खासगी पूर्वप्राथमिक वर्गांना शिक्षण विभागानं २०२५ मध्ये पोर्टलवर नोंदणी करायला सांगितलं. बाल न्याय कायद्याखालची संस्थांची नोंदणी निराधार आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांच्या संस्थांची, रोज संध्याकाळी घरी जाणाऱ्या मुलांची नव्हे. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनं ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय करायला लावली, आणि त्या कायद्याची जागा घेतलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते बंधन आहे. म्हणजे हिंजवडीतल्या मोठ्या कंपनीतल्या आईला निदान कायदा दाखवता येतो. धायरीतल्या फ्लॅटमध्ये ठेवलेलं दोन वर्षांचं मूल या सगळ्या चौकटींमधून निसटतं. पाळणाघर सुरू करायला शॉप ॲक्टची ऑनलाइन सूचना दिली की भागतं, कारण थोडीच माणसं कामाला असली की त्या कायद्यात तेवढंच लागतं. झेरॉक्सच्या दुकानालाही तेवढंच लागतं. वडापावच्या गाडीलाही अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंद लागते. त्याच मुलाला पुढे शाळेत नेणाऱ्या बससाठी राज्यात २०११ पासून स्वतंत्र नियम आहेत: वेगनियंत्रक हवा, मदतनीस हवा, शाळेत परिवहन समिती हवी. राज्याचं महिला व बालविकास आयुक्तालय आपल्याच शहरात, कॅम्पात आहे. पण पुण्यात पाळणाघरं किती आणि कुठं, याची पुरी यादी त्यांच्याकडे असणार कशी? नोंद करण्याचं बंधनच कुणावर नाही.

शिक्षेची कलमं आहेत, नाही असं नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ खाली मूल सांभाळणाऱ्या संस्थेतल्या माणसानं क्रूरपणा केला तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड आहे. पॉक्सोखाली लैंगिक अत्याचार माहीत असून पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा आहे. पण हे सगळं मूल दुखावल्यानंतरचं. आणि त्यात कचाट्यात सापडते ती तुमच्यासारखी बाई किंवा तिची मदतनीस. खात्याला कुणी विचारत नाही, कारण खात्यानं काही करायचंच ठरलेलं नव्हतं. बदलापूरला ऑगस्ट २०२४ मध्ये शाळेत लैंगिक अत्याचार झालेल्या चार वर्षांच्या चिमुरड्यांच्या पालकांना गुन्हा नोंदवायला तासन्‌तास ताटकळावं लागलं, लोक रुळांवर उतरले, उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली, तेव्हा यंत्रणा हलली. ती शाळा होती, म्हणून आदेश निघाले ते शाळांसाठी. पाळणाघरं तेव्हाही बाहेरच राहिली.

पाकिटाची भीती खरी आहे आणि ती मी उडवून लावणार नाही. पाकीट चालतं ते कागद साहेबाच्या टेबलावर अडतो तिथं. म्हणून मी परवाना मागत नाही, नोंद मागते. तुम्ही माहिती भरलीत की त्याच क्षणी क्रमांक मिळावा, मंजुरीची वाट बघणं नको. भेट द्यायला येणाऱ्याबरोबर त्या भागातल्या पालकांपैकी एक जण असावा. काय तपासायचं ते छापील असावं: गॅलरीला जाळी, गॅस सिलिंडर कुठं, मुलं किती, माणसं किती. अहवाल अधिकाऱ्याच्या नावानिशी संकेतस्थळावर लागावा आणि तुमच्या दारावरही. इंग्लंडमध्ये पाळणाघरांचे तपासणी अहवाल कुणालाही वाचायला मिळतात. उद्या ज्या कठड्याला साहेबांनी ‘ठीक’ लिहिलं तिथूनच मूल पडलं, तर सही कुणाची आहे ते सगळ्यांना दिसेल. मला हवी आहे ती सरकारची जबाबदारी ही.

एवढं करूनही सगळं टळेल, असं मी म्हणत नाही. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात पाळणाघरांवर कडक नियम आहेत. तरी २०२५ मध्ये तिथल्या एका कर्मचाऱ्यावर ७० हून अधिक आरोप ठेवले गेले, आणि मुलांसोबत काम करण्याचं सरकारी तपासणीपत्र त्याच्याकडे होतं. तो कुठं कुठं कामाला होता त्याची यादी जाहीर झाली, ती नंतर वाढवावी लागली, कारण कर्मचाऱ्यांची एकत्र नोंद नव्हती. त्यांनी मग ती नोंदवही करायला घेतली. आपल्याकडे हडपसरला मारहाण करून काढलेली आया आठवड्यात वाकडला कामाला लागली, तर तुम्हालाही कळणार नाही, ताई. नोंद तुमच्याही बाजूनं उभी राहते.

अंगणवाड्यांबद्दल तुमच्याशी फारसा वाद नाही. तरी हे बघा की केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत सहा महिने ते सहा वर्षं वयाच्या मुलांसाठी सेविका आणि मदतनीस अशी दोन माणसं सरकारनं स्वतःच धरली आहेत. एका माणसावर मुलं सोपवू नयेत हे सरकारला माहीत आहे. मग तुमच्या दुसऱ्या माणसाच्या पगाराचा काही वाटा त्यानं का उचलू नये? नोंद केलेल्या घरगुती पाळणाघराला घरपट्टी आणि वीज घराच्याच दरानं राहावी, सोसायटीला हरकत घेता येऊ नये, हेही त्याच नियमांत लिहून हवं. नाहीतर नोंद करायला कुणी पुढं येणार नाही, हे तुमचं म्हणणं मला पूर्ण पटतं.

आयुक्तालयाला द्यायचं निवेदन आम्ही काही पालक मिळून लिहितो आहोत. पगाराचा आणि घरपट्टीचा असे दोन मुद्दे त्यात तुमच्या शब्दांत घालायचे आहेत. चालणार असेल तर कळवा, मसुदा आधी तुमच्याकडेच पाठवते.