"पोहता येतं ना, मग घाबरताय कशाला" वाल्या फॉरवर्डबद्दल

लाँग वीकेंड जवळ आला की बे एरियातल्या (म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या) आपल्या ग्रुपवर तो मेसेज परत फिरायला लागतो, "कॅलिफोर्नियाच्या समुद्राला उगाच घाबरू नका" वाला. त्यात काय म्हटलंय तर उन्हाळ्यात पाणी कोमट होतं, गारठून जायला तासभर लागतो तोवर पोहणारा बाहेर येतोच, लाट फुटत नाही तिथे उतरावं, ओढले गेलात तर जोर लावून सरळ किनारा गाठावा, नुसते पाय भिजवायला तर काहीच धोका नाही, आणि बाहेर आल्यावर ब्रँडी. शेवटी "आम्ही कोकणातली माणसं, आम्हाला समुद्र शिकवू नका" आणि हसऱ्या स्मायली. गावाहून आईबाबा आलेले असतात, पोरं उतावीळ असतात आणि लोक हे वाचून खरंच सॅन फ्रान्सिस्कोच्या ओशन बीचला पाण्यात शिरतात, म्हणून एकदा सविस्तर लिहितोय.

कोमट पाण्याचं आधी. नाही होत. वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला इथे वायव्येचा वारा सुटतो, तो वरचं पाणी किनाऱ्यापासून लांब नेतो आणि त्याच्या जागी खालचं थंडगार पाणी वर येतं. त्यामुळे मे महिन्यात सॅन होजेत एसी लावावा लागला तरी सॅन फ्रान्सिस्कोच्या समुद्राचं पाणी ५०-५५ फॅरनहाइट, म्हणजे १०-१३ सेल्सिअस. त्यातल्या त्यात बरं असतं ते सप्टेंबर-ऑक्टोबरात, तेही ६० च्या आसपासच. मुरुड-गुहागरचं पाणी साधारण २६-२८ सेल्सिअस असतं, तेव्हा कोकणातला अनुभव इथे कामाचा नाही, उलट नडतो, कारण अंगाला सवय भलत्याच पाण्याची असते.

आता तो तासभराचा मुद्दा, सगळ्यात घातक हाच, कारण अर्धा खरा आहे. अंगाचं तापमान उतरून शुद्ध हरपायला वेळ लागतो हे बरोबर, पण माणूस त्याच्या कितीतरी आधी बुडतो. १५ सेल्सिअसच्या खालच्या पाण्यात एकदम पडलात की पहिल्या काही सेकंदात जोराने श्वास आत ओढला जातो, तुम्ही ठरवा न ठरवा, आणि त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पाणीच आत. मग धाप लागते, श्वास धरून ठेवता येत नाही, बीपी आणि ठोके एकदम वाढतात, आणि ज्यांना हार्टचा त्रास आहे त्यांच्यासाठी इथेच खेळ संपू शकतो. हे एक ते तीन मिनिटांत ओसरतं. मॅनिटोबा युनिव्हर्सिटीचे गॉर्डन गिसब्रेख्त, जे स्वतः बर्फाच्या पाण्यात उतरून हे अभ्यासतात, ते १-१०-१ सांगतात: १ मिनिट श्वास ताब्यात आणायला, साधारण १० मिनिटं हातपाय नीट चालतील ती, आणि शुद्ध जायला १ तास. हा हिशोब बर्फाळ पाण्याचा, इथे थोडी जास्त मिनिटं मिळतील, पण क्रम तोच. मधला टप्पा लोकांना माहीतच नसतो, बोटं मिटत नाहीत, कोणी फेकलेली दोरी समोर असून धरता येत नाही. हीटेड पूलमध्ये चाळीस लॅप मारणाऱ्याचं पण हेच होतं. म्हणून पडलात तर आधी पोहू नका, उताणे तरंगा, श्वास ताळ्यावर येऊ द्या, मग पुढचं. सर्फर लोक ४/३ मिलिमीटर जाडीचा वेटसूट (अंगाला घट्ट बसणारा रबरी सूट) घालतात तो हौसेने नाही, आणि वेटसूट म्हणजे लाइफ जॅकेट नाही हे पण ध्यानात ठेवा.

"लाट फुटत नाही तिथे उतरा" हे वाचून तर कपाळावर हात मारला. दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मध्ये एक गप्प, जरा गढूळ पट्टा दिसला की पुष्कळदा तीच रिप, किनाऱ्यावर आलेलं पाणी तिथूनच परत आत जातं. आपल्याकडे म्हणतात ना पाण्याला ओढ आहे, तीच. ती खाली खेचत नाही, बाहेर नेते, आणि जोरात असली तर सेकंदाला ८ फुटांपर्यंत, मग सरळ किनाऱ्याकडे पोहून तुम्ही फक्त दमणार. तरंगा, हात वर करा, जमलं तर किनाऱ्याला समांतर सरका. आणि मुळात ओशन बीचला उतरूच नका, लोक नुसते पाण्यात चालतानाही बुडालेत असा बोर्ड तिथे लावलेला आहे.

पाय भिजवण्याबद्दल. अचानक मोठी लाट येऊन काठावरच्याला ओढून नेते, हा धोका जास्त करून हिवाळ्यातला, म्हणजे थँक्सगिव्हिंग-ख्रिसमसला नेमकं छान ऊन पडतं तेव्हाचा. लोक समुद्राच्या अंदाजात लाटेची उंची "६ फूट" वाचतात आणि निश्चिंत होतात, पुढचा सेकंदांचा आकडा, म्हणजे एका लाटेनंतर दुसरी किती वेळाने येते तो, कोणी बघतच नाही. खोल समुद्रात ८ सेकंदांच्या लाटेची लांबी साधारण १०० मीटर, १७ सेकंदांच्या लाटेची ४५० च्या आसपास! हजारो मैलांवरच्या वादळातून आलेली ती लाट दिसायला तेवढीच, पण तिच्यामागे पाणी किती. वर या लाटा घोळक्याने येतात, मध्ये दहा-पंधरा मिनिटं सगळं शांत, तेवढ्यात फोटो काढायला पाठ फिरवली की झालं. जीन्समध्ये पाणी भरतं, वाळू भरते, उठताच येत नाही आणि उतरत्या वाळूवरून तुम्ही आत. माँटेरा, कार्मेलचा मोनॅस्टरी बीच, असे तीव्र उताराचे किनारे जास्त वाईट. १३ फेब्रुवारी २०१० ला हाफ मून बेजवळ मॅव्हरिक्सच्या मोठ्या लाटांवरच्या सर्फिंग स्पर्धेत जखमी झाले ते पाण्यातले सर्फर नव्हेत, काठावर उभे राहून बघणारे. आधी वीसेक मिनिटं लांबून समुद्र बघा, कोरडी वाळू कुठपर्यंत आहे ते बघा. आणि कुत्रा वाहून गेला तर मागे उडी मारू नका, तो बहुतेक वेळा आपला आपण बाहेर येतो, मालक येत नाही.

ब्रँडीने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या सुटतात, ऊब वाटते आणि अंगातली उष्णता उलट जास्त जाते. हातपाय चोळणंही नको. ओले कपडे काढा, कोरडं गुंडाळा, आडवं ठेवा, ९११. ओशन बीच साडेतीन मैल लांब आहे, तेव्हा नुसतं बीचचं नाव सांगून भागणार नाही, भिंतीवरच्या जिन्यांना नंबर आहेत, जवळचा नंबर सांगा.