उन्हाळी लागलीय, दुसरं काही नाही

काय भो, लघवीला जळजळ होतेय ना? घाबरायचं नाही. आपण जळगाव-भुसावळची माणसं, मे महिन्यात पारा ४५ च्या घरात, त्यामुळे कुणी विचारलं की 'उन्हाळी लागलीय' एवढं म्हणायचं, विषय संपला. धने-जिऱ्याचं पाणी प्या, सब्जा घ्या. डिसेंबरात लागली तर? तर भरीत तिखट झालं होतं म्हणा, त्यात काय.

सिव्हिलला मात्र चुकूनही जाऊ नका. तिथं सुरक्षा क्लिनिक असतं, म्हणजे लैंगिक संबंधातून लागणाऱ्या आजारांचा सरकारी दवाखाना, तिथली काउन्सिलर ताई फुकटात राखाडी किट हातात ठेवते, आत अ‍ॅझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम, एकदाच घ्यायच्या गोळ्या, आणि वर म्हणते बायकोलाही घेऊन या. बायकोला! (तिला काय सांगणार, तुलाही उन्हाळी लागलीय?) शिवाय रजिस्टरला नोंद होते, महिन्याच्या रिपोर्टात वर जाते. नाव जात नाही, नुसता आकडा जातो, पण आपल्यासारख्या घरंदाज माणसानं आकडा मटक्याचा लावावा, स्वतः कशाला व्हावं?

त्यापेक्षा मेडिकल बरं. गिऱ्हाईक नसताना जायचं, तोंडाला रुमाल (उन्हात सगळेच बांधतात, कोण ओळखतंय), 'मित्रासाठी पाहिजे' म्हणायचं. तो कात्रीनं पत्त्यातल्या दोन गोळ्या कापून पुडीत देतो, तिसरी नको, महाग पडते. जळजळ थांबली की झालं, जंतू मेला की नुसता शहाणा झाला हे बघत कोण बसतंय. फारच झालं तर प्रायव्हेट डॉक्टर आहेतच, ते समजूतदार, चिठ्ठीवर 'युरिन इन्फेक्शन' लिहितात आणि कुठं कळवत बसत नाहीत. जिल्ह्याचा तक्ता कसा धुतल्यासारखा राहतो, मीटिंगमधे साहेब पण खूश.

आणि न दुखणारा फोड आला असेल तर मग काहीच करू नका, तो काही आठवड्यांत आपोआप बुजतो, खरंच बुजतो, आजार आत राहतो तो भाग वेगळा. म्हातारे त्याला गरमी म्हणायचे, म्हणजे उन्हाचंच काहीतरी असणार. सुरुवातीला पेनिसिलिनच्या एका इंजेक्शनवर भागतं म्हणे, पण टोचून कोण घेणार.

पुढं बायकोला दिवस जातील, नर्सताई रक्त घेऊन व्हीडीआरएल, म्हणजे त्याच गरमीची तपासणी, करतील, रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की सगळे तिच्याकडे बघतील. तेव्हा तुम्ही बाहेर टपरीवर चहा घ्यायला जा. आणि आईला आधीच सांगून ठेवा, हिनं पपई खाल्ली असेल.