म्हणे, भाजलेला सांधा हलवू नका!

वहिनींनी स्प्लिंट, म्हणजे सांधा ठरलेल्या स्थितीत धरून ठेवणारा आधार, काढून कपाटावर ठेवून दिलं. कारण काय, तर महिला मंडळाच्या ग्रुपवर आलेला एक मेसेज. चकल्या तळताना तेल उडून त्यांचा उजवा हात भाजला होता, कोपराच्या खळगीत ग्राफ्ट, म्हणजे शरीराच्या दुसऱ्या भागाची कातडी, लावावं लागलं होतं आणि आता कुठे हात सरळ व्हायला लागला होता. मेसेज सांगतो: भाजलेला सांधा जखम पूर्ण भरेपर्यंत हलवू नका, जसा ठेवल्यावर बरं वाटतं तसाच ठेवा, व्यायामाने नवी कातडी फाटते, स्प्लिंट आणि व्रण दाबून ठेवणारे घट्ट कपडे म्हणजे दवाखान्यांचा धंदा, खोबरेल चोळा, सांधा आपोआप सुटेल, आखडलाच तर पुढे ऑपरेशन आहेच. मी फिजिओथेरपिस्ट आहे. हा मेसेज माझ्याच घरात खरा मानला जातो म्हटल्यावर गप्प बसवत नाही.

‘बरं वाटतं तसाच ठेवा’ हा यातला सर्वांत घातक सल्ला. बरं कसं वाटतं? कोपर दुमडून, गुडघ्याखाली उशी घेऊन, हात छातीशी धरून, हनुवटी खाली झुकवून. सांधा नेमका याच स्थितीत कायमचा अडकतो. जखम भरताना तिच्यात आकुंचन पावणाऱ्या पेशी तयार होतात आणि कडा एकमेकींकडे खेचतात. वरून कातडी आली म्हणजे हे खेचणं थांबलं असं नाही. व्रण निवून मऊ पडायला कित्येक महिने लागतात, कधी दोन वर्षंसुद्धा. तेवढा काळ विरुद्ध दिशेने ताण द्यावाच लागतो. म्हणून मान पुढून भाजली असेल तर आम्ही उशी काढून घेतो. नातेवाईक आम्हाला निर्दयी म्हणतात, म्हणोत. उशीवर झोपवलेल्या माणसाची हनुवटी छातीकडे ओढली जाते, खालचा ओठ उलटतो, तोंड नीट मिटत नाही. काख भाजली तर हात अंगापासून काटकोनात लांब, कोपर आणि गुडघा सरळ, घोटा काटकोनात. पंजा मागून भाजला तर बोटं मुळाशी वाकवून पुढची पेरं सरळ. लहान मुलांचं तर आणखी कठीण: मूल वाढतं, व्रण त्याच्या बरोबरीने वाढत नाही.

हे माझ्या मनाचं नाही. इंटरनॅशनल सोसायटी फॉर बर्न इंजुरीज या संस्थेची २०१६ची मार्गदर्शक तत्त्वं मुद्दाम साधनं तुटपुंजी असलेल्या देशांचा विचार करून लिहिली आहेत, आणि त्यांत सांधा कसा ठेवायचा आणि स्प्लिंट कसं वापरायचं यावर स्वतंत्र शिफारशी आहेत. म्हणजे ही महागड्या दवाखान्यांची चैन नव्हे. स्प्लिंट साध्या प्लास्टरचंही करता येतं.

‘कातडी फाटते.’ यात अर्धं सत्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. नवं ग्राफ्ट धरेपर्यंत काही दिवस तो सांधा हलवू देत नाहीत, पण ते दिवस सर्जन ठरवतो. झटके देऊन, रक्त येईपर्यंत ताणणारा माणूस नुकसानच करतो, कोपराचं तर नक्कीच. व्रण पांढरट पडेपर्यंत हळूहळू ताणायचं, तिथे थांबायचं, दिवसातून अनेकदा करायचं. दुखतं? दुखणारच. डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी व्यायामाच्या आधी घ्यायची, ती त्यासाठीच असते.

घट्ट कपडे दिवसाचे २३ तास घालायला सांगतात हे ऐकून मेसेजवाल्यांना रक्तपुरवठ्याची काळजी वाटते. ते मापाने शिवलेले असतात. बोटं बधिर किंवा निळी पडली तर काढा आणि मापं पुन्हा घ्यायला लावा, एवढंच. त्यांचा फायदा किती यावर अभ्यास एकमुखी नाहीत, तेही खरं. पण त्यावरून स्प्लिंटही निकामी ठरवणं कुठलं शहाणपण? खोबरेल जरूर चोळा, पण भरलेल्या कातडीवर. कोरडेपणा आणि खाज कमी होते. आखडलेलं कोपर त्याने उघडत नाही.

राहिलं ऑपरेशन. ‘आहेच’ म्हणणाऱ्यांनी ते कसं होतं हे विचारलेलं दिसत नाही. आखडलेला व्रण कापून सोडवतात, पडलेल्या खाचेत बहुतेकदा मांडीची कातडी काढून लावतात, म्हणजे आणखी एक जखम. आणि ते ग्राफ्ट धरलं की पुन्हा स्प्लिंट, पुन्हा व्यायाम, पुन्हा कित्येक महिने. नाही केलं तर तोच सांधा परत आखडतो.