गुण वेबसाइटला मिळाले, कॅमेऱ्याला नाही

घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटी फेडरेशनचा तुलनात्मक तक्ता आज व्हॉट्सॲपवर आला आणि डोकंच फिरलं. सीसीटीव्ही, गार्डचे वॉकीटॉकी आणि कंट्रोल रूम असं एकत्र काम. कंपन्या तीन. ‘सायबर सुरक्षा’ या रकान्यात कुठल्याशा रेटिंग साइटवरून उचललेले गुण: ९१, ८४, ६७. ६७वाली बाद.

अहो, हे गुण कशाचे आहेत ते तरी बघा! अशी रेटिंगं बाहेरून जेवढं दिसतं तेवढंच मोजतात: कंपनीच्या सर्व्हरची उघडी पोर्टं (इंटरनेटवरून आत शिरायची दारं), वेबसाइटची मुदत संपलेली सर्टिफिकेटं, ईमेलचं एसपीएफ-डीमार्क (कंपनीच्या नावाने खोटे मेल जाऊ नयेत म्हणूनची सेटिंग), जुनं सॉफ्टवेअर. तुमच्या गेटवरचा कॅमेरा तुमच्या ब्रॉडबँडच्या आयपीवर असतो. तो उघडा पडला तरी कंपनीच्या खात्यात त्याची नोंद होत नाही. शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे दुसऱ्याच्या सर्व्हरवर भाड्याने, चार पानांची वेबसाइट असलेल्याला ९१ मिळणारच, तपासायला तिथे आहे काय? शेकडो सर्व्हरवाल्या कंपनीच्या नावावर दोष जास्तच निघणार.

स्वतःचं सर्टिफिकेट वेळेवर रिन्यू न करणारी कंपनी कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअर, काय सांभाळणार, हे मान्य. पण तेवढंच.

शिवाय तीन वेगळ्या वस्तूंना एकच आकडा कसा लावता? मार्च २०२१ मध्ये वर्काडा या क्लाउड कॅमेरा कंपनीचा सुपर ॲडमिन (सगळ्या ग्राहकांचे कॅमेरे बघता येणारा) लॉगिन बाहेरच्यांच्या हाती लागला आणि सुमारे दीड लाख कॅमेरे त्यांच्यापुढे उघडे झाले. त्यात हॉस्पिटलं, शाळा, तुरुंगही. म्हणून क्लाउडवाल्याला विचारायचं: तुमच्या माणसाला आमचं फुटेज आमच्या परवानगीशिवाय बघता येतं का, आणि बघितलं तर त्याची नोंद आम्हाला दिसते का?

रेडिओचं दुखणं निराळं. टेट्रा या डिजिटल वॉकीटॉकीतलं टीईए१ एन्क्रिप्शन (बोलणं गुप्त ठेवणारं कुलूप) कागदावर ८० बिटांचं, प्रत्यक्षात ३२ बिटांच्या ताकदीचं, हे मिडनाइट ब्लू या सुरक्षा कंपनीच्या डच संशोधकांनी २०२३ मध्ये जाहीर केलं. आपल्या गार्डांचे साधे ॲनालॉग सेट तर कोणीही ऐकू शकतं. फ्लॅट नंबर आणि ‘घरी कोणी नाही’ हे त्यावर बोलायचंच नाही.

आणि कॅमेरे? हाइकव्हिजन या कंपनीच्या कॅमेऱ्यांतला सीव्हीई-२०२१-३६२६० (दोषांच्या जाहीर यादीतला क्रमांक) हा दोष असा होता की पासवर्ड न लागता कॅमेऱ्याचा पूर्ण ताबा मिळायचा. कंपनीने पॅच, म्हणजे दुरुस्त सॉफ्टवेअर, काढला. पण तो सोसायटीत येऊन टाकायचा कोणी? एएमसीत (वार्षिक देखभाल करारात) हे लिहिलेलंच नसतं.

कमिटीतल्या काका-काकूंवर माझा राग नाही. बिचारे रविवार घालवून फुकट काम करतात. राग आहे तो हा रकाना भरून देणाऱ्या सेल्सवाल्यावर. त्याच तक्त्यातल्या ६७वालीच्या साइटवर सिक्युरिटी ॲडव्हायझरींची (सापडलेले दोष आणि त्यांची दुरुस्ती सांगणाऱ्या सूचनांची) लांबलचक यादी आहे, तारखा आणि फर्मवेअर व्हर्जनसकट. ९१वालीकडे तसलं पानच नाही. म्हणजे दोष नाहीत असं नव्हे, कोणी शोधत नाही. शिवाय तिचा माल दुसऱ्याच कारखान्याचा, वर स्वतःचा स्टिकर, असंही असू शकतं. कॅमेऱ्याच्या मॅक ॲड्रेसची (नेटवर्कवरच्या त्याच्या ओळख क्रमांकाची) पहिली सहा अक्षरं ऑनलाइन शोधा, बहुतेक वेळा मूळ उत्पादक कळतो.

तुलना करायचीच तर अशी करा. ९ एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्हीला सुरक्षा चाचणीचे नियम लागू झालेत, तेव्हा त्या चाचणीचं सर्टिफिकेट मागा आणि कोटेशनमधला मॉडेल नंबर त्याच्याशी अक्षरन् अक्षर जुळवा. राउटरवर यूपीएनपी (उपकरणांना आपोआप पोर्टं उघडू देणारी सोय) बंद. ८०००, ३७७७७, ५५४ ही कॅमेऱ्यांची नेहमीची पोर्टं फॉरवर्ड करायची, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटला उघडायची, नाहीत. मोबाइलवर बघायचं तर व्हीपीएनमधून, म्हणजे इंटरनेटवरच्या बंदिस्त खासगी वाटेने. कॅमेऱ्यांना स्वतंत्र व्हीलॅन (वेगळं केलेलं नेटवर्क), क्लबहाउसच्या वायफायशी त्याचा संबंध नको. सगळ्यात मोठं भोक इन्स्टॉलरचं: ठाण्यापासून नेरुळपर्यंत प्रत्येक एनव्हीआरला (फुटेज साठवणाऱ्या रेकॉर्डरला) एकच पासवर्ड, आणि कंट्रोल रूमच्या पीसीवर कायम चालू ठेवलेलं एनीडेस्क, म्हणजे दुरून पीसी चालवायचं सॉफ्टवेअर. टेक्निशियन नोकरी सोडतो, पासवर्ड त्याच्याबरोबर जातो. तेव्हा पासवर्ड सोसायटीने स्वतः बदलायचा आणि सीलबंद पाकिटात सेक्रेटरींकडे ठेवायचा.

उरलेलं करारात. गंभीर दोषाचा पॅच किती दिवसांत टाकणार? लॉग (कोणी कधी काय केलं याच्या नोंदी) १८० दिवस कोण ठेवणार? सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२च्या आदेशानुसार ६ तासांत सायबर घटना तिला कळवायची असते, तर तुम्ही आम्हाला किती तासांत सांगणार? तीनही कंपन्यांकडून लेखी उत्तरं घ्या, ६७वालीकडूनही. उशीर झाला तर बिलातून किती कापणार, तो आकडाही तिथेच लिहून घ्या.